नव्या भागात मोटर रेसिंग तगेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारा-तेरा वर्षं झाली, सुट्टी मिळेल तेव्हा मी शर्यतींना मार्शल म्हणून जातो. ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस म्हणजे मार्शल. त्यामुळे या खेळाबद्दलचे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. बहुतेकांचा रोख एकच असतो: जिथे हा खेळ नाही तिथे तो रुजेल का, आणि तिथली माणसं त्याला पोसतील का? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे, पण हवा तो प्रश्न सुटा वाचला तरी चालेल.

१. मोटर रेसिंग म्हणजे फॉर्म्युला वनच ना?

नाही. टीव्हीवर तेवढंच दिसतं म्हणून तसं वाटतं. ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यती असतात. रॅली असते, तिच्यात एकेक गाडी सुटते आणि ठरलेल्या रस्त्यावर तिला किती वेळ लागला ते मोजतात. मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस असतं, मातीचे उंचवटे करून त्यांवरून बाईक उडवायच्या. लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत सगळे चालवू शकतात असं कार्टिंग असतं. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फॉर्म्युला वनच्या ट्रॅकला शेकडो एकर जागा आणि हजारो कोटी लागतात, डर्ट रेसला, म्हणजे मातीवरच्या शर्यतीला, एक सपाट माळ आणि मातीचे डंपर पुरतात. ‘आमच्याकडे रेसिंग चालेल का’ याचं उत्तर तुम्ही यातलं काय आणताय यावर ठरतं.

२. भारतात याचे चाहते खरंच आहेत, की नुसती मोबाईलवरची हवा?

आहेत, आणि आजचे नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर, चेन्नईजवळ शोलावरमला आणि कोलकात्याजवळ बराकपूरला शर्यती व्हायच्या. त्या बघायला गर्दी होई, तिथे ना धड स्टँड होते ना खुर्च्या.

अलीकडचा मोठा दाखला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटचा. ३० ऑक्टोबर २०११ च्या पहिल्या इंडियन ग्रां प्रीला, म्हणजे फॉर्म्युला वनच्या भारतातल्या शर्यतीला, सुमारे ९५ हजार लोक आले. पुढच्या वर्षी आकडा ६५ हजारांच्या आसपास आला आणि २०१३ मध्ये ६० हजारांच्या. हे आकडे दाखवून लोक म्हणतात, बघा, उत्साह ओसरला. मला ते पटत नाही. पहिल्या वर्षीच्या गर्दीत नवल बघायला आलेले बरेच होते. तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, खिशाला चाट लावून जे ६० हजार आले ते खरे चाहते. लाखाच्या वर लोक मावतील अशा स्टँडमध्ये ते विखुरले म्हणून कॅमेऱ्यात रिकाम्या खुर्च्या दिसल्या.

३. मग फॉर्म्युला वन भारतातून गेली कशी? प्रेक्षक कमी पडले म्हणूनच ना?

नाही, मुख्य कारण कर आणि पैशाचा हिशेब. करार ५ वर्षांचा होता, शर्यती ३ झाल्या.

उत्तर प्रदेश सरकारने या शर्यतीला करमणूक कर माफ केला होता. त्याविरुद्ध जनहित याचिका झाली आणि पहिल्या शर्यतीच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाने तिकीटविक्रीची २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितली. हा खेळ की करमणूक, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. त्यात आयकराचा प्रश्न आला: परदेशी कंपनी ३ दिवस येऊन पैसे कमावून जाते, तिच्यावर इथे कर बसतो का? बसतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०१७ ला दिला. तोवर शर्यत जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. ट्रॅक बांधणारा जेपी समूह कर्जात रुतला आणि सर्किटच्या जमिनीचं वाटप यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणाने थकबाकीपोटी रद्द केलं.

सेबास्टियन व्हेटेल या ड्रायव्हरने तिन्ही वर्षी तिथे शर्यत जिंकली. २०१३ ला चौथं जगज्जेतेपद नक्की झाल्यावर त्याने स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवली आणि उतरून तिच्यापुढे गुडघे टेकले. त्या क्षणी ओरडणाऱ्या माणसांकडे बघून कुणी म्हणालं नसतं की इथे आवड नाही.

४. तिकिटांच्या पैशावर मोठी शर्यत चालू शकते का?

जागतिक दर्जाची सहसा नाही. साधं गणित करून बघा. समजा ६० हजार माणसं आली आणि प्रत्येकाने सरासरी ४ हजार रुपये दिले, तर झाले २४ कोटी. बुद्ध सर्किटच्या वेळी शर्यत भरवण्याचं शुल्कच वर्षाला ४ कोटी डॉलरच्या घरात असल्याचं छापून आलं होतं, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास २०० कोटी. ट्रॅकचा बांधकामखर्च यात धरलेलाच नाही.

शिवाय प्रसारणाचे पैसे, ट्रॅकभोवतीच्या जाहिराती आणि बड्या पाहुण्यांची खास दालनं, ही कमाई साधारणपणे फॉर्म्युला वनकडेच जाते. यजमानाच्या हाती उरतं तिकीट. म्हणून जगभरात बहुतेक ठिकाणी सरकार, पर्यटन खातं किंवा एखादा मोठा उद्योग मागे उभा असतो.

लहान शर्यतींचं मात्र वेगळं आहे. भारतात वर्षानुवर्षं एमआरएफ आणि जेके टायर या टायर कंपन्यांनी आणि टीव्हीएस, होंडा, रॉयल एनफील्ड यांसारख्या दुचाकी कंपन्यांनी स्पर्धा चालवल्या. तिथे तिकीटविक्री जवळजवळ नसते. म्हणजे आपल्याकडचं रेसिंग आजवर प्रेक्षकाच्या पैशावर उभंच राहिलेलं नाही, वरच्या टोकालाही नाही आणि खालच्या टोकालाही नाही. मधली जागा रिकामी आहे, आणि स्थानिक चाहता जर कशाला आधार देऊ शकत असेल तर तो या मधल्या जागेला.

५. मोटोजीपी (मोटरसायकलींची जागतिक स्पर्धा) आणि हैदराबादची फॉर्म्युला ई एकेकदाच होऊन थांबल्या. मग परत तेच होणार नाही कशावरून?

वरून आणलेली शर्यत असेल तर परत तेच होईल, असं मला स्पष्ट वाटतं.

हैदराबादला ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागरच्या काठावर २.८३ किलोमीटरच्या रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या धावल्या, ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. वर्षअखेर राज्यात सत्ता बदलली आणि २०२४ ची शर्यत रद्द झाली. बुद्ध सर्किटवरची मोटोजीपी सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. काही रायडर आणि पथकांचे व्हिसा उशिरा आले, उकाडा इतका होता की मुख्य शर्यत २४ ऐवजी २१ लॅपची केली, तरी ती पार पडली आणि मार्को बेझेकी जिंकला. करार ७ वर्षांचा होता. २०२४ च्या वेळापत्रकातून ती वगळली गेली.

दोन्ही ठिकाणी लोक आले होते. पण अशी शर्यत एका मंत्रिमंडळाच्या मर्जीवर किंवा एका आयोजकाच्या खिशावर उभी असते. त्यातलं एक ढळलं की हजारो चाहते असून उपयोग नसतो, कारण शर्यत वाचवायला त्यांच्या हातात काहीच नसतं.

६. ट्रॅक बांधण्यापेक्षा शहरातले रस्ते बंद करून शर्यत घेतली तर?

स्वस्तात होईल असं वाटतं, पण दर वर्षी सिमेंटचे कठडे, कुंपण, डांबरीकरण, स्टँड हे सगळं उभारा आणि काढा. चेन्नईला आयलंड ग्राउंडभोवती साडेतीन किलोमीटरची रात्रीची स्ट्रीट रेस झाली. ती आधी डिसेंबर २०२३ मध्ये ठरली होती, मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे गेली, उच्च न्यायालयात गेली आणि अखेर ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ ला पार पडली. तमिळनाडू सरकार खमकं मागे उभं होतं म्हणून.

आणि ज्यांच्या दारात शर्यत होणार त्यांना विचारलं का, हाही मुद्दा आहेच. गोव्यात २०२५ मध्ये मुरगावच्या बोगदा भागात स्ट्रीट रेस घ्यायचं ठरू लागलं, तेव्हा रहिवाशांनी विरोध केला. मी रेसिंगवेडा माणूस आहे, पण म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचा रस्ता ३ दिवस बंद होणार असेल तर मीही विरोध करीन. आवाजाच्या आणि धुळीच्या तक्रारींनाही हेच लागू होतं. वस्तीपासून लांब जागा निवडणं हा त्यावरचा एकच खरा उपाय मला माहीत आहे.

७. जिथे काहीच नव्हतं अशा भागात रेसिंग रुजल्याचं एखादं उदाहरण आहे का?

आहे, थायलंडमधलं बुरिराम. बँकॉकपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर, ईशान्येकडचा भातशेतीचा प्रांत. २०१४ मध्ये तिथे चँग इंटरनॅशनल सर्किट सुरू झालं आणि २०१८ मध्ये मोटोजीपी आली. पहिल्याच वर्षी ३ दिवसांत २ लाख २२ हजार प्रेक्षक आले.

लोक म्हणतील, थायलंड पर्यटनाचा देश आहे, तिथे काहीही चालतं. मग दक्षिण कोरियाचं येओंगाम बघा. तेही राजधानी सेऊलपासून साधारण ४०० किलोमीटरवर. तिथे प्रांतिक सरकारच्या पाठबळावर ट्रॅक झाला, २०१० ते २०१३ अशा ४ फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तोटा वाढत गेला आणि करार मुदतीआधीच गुंडाळला. ट्रॅकभोवती नवं शहर वसेल अशी स्वप्नं होती, ते वसलं नाही.

अंतर दोघांचं सारखं, मग फरक कशाचा? मला तीन गोष्टी दिसतात. बुरिरामने मोटरसायकल निवडली, आणि मोटरसायकल तिथल्या घराघरात आहे. येओंगामने निवडलेला खेळ तिथल्या माणसाने कधी जवळून पाहिलेलाही नव्हता. दुसरं, बुरिरामच्या ट्रॅकशेजारीच बुरिराम युनायटेडचं फुटबॉल मैदान आहे. मोटोजीपी येण्याआधीच तिकीट काढून, आपल्या रंगाचा शर्ट घालून आपल्या गावासाठी ओरडायची सवय लोकांना लागलेली होती. ट्रॅक आणि क्लब, दोन्हींमागे नेविन चिदचॉब हा तिथलाच राजकारणी. तिसरं, मोटोजीपीच्या आधी ४ वर्षं तिथे लहानमोठ्या शर्यती होत राहिल्या. सरकारी पैसा बुरिरामलाही लागला, तो नाकारता येणार नाही, पण तो आधीच पेटलेल्या चुलीत घातलेलं लाकूड होता.

तुर्कस्तानच्या इस्तंबूल पार्कचीही गोष्ट येओंगामसारखीच. २००५ ला वाजतगाजत सुरुवात, २०११ पर्यंत गर्दी आटली.

८. आपला खेळाडू वर गेला की गर्दी आपोआप होईल ना?

मदत होते, पण नुसत्या त्यावर शर्यत तगत नाही. नेदरलँड्समधलं झांडव्हूर्त १९८५ नंतर फॉर्म्युला वनला मुकलं होतं. मॅक्स व्हर्स्टापेन या तिथल्या ड्रायव्हरच्या लाटेवर ते २०२१ मध्ये परतलं, दर वर्षी नारिंगी कपड्यांतल्या चाहत्यांचा समुद्र उसळला. तरी २०२६ नंतर थांबायचं आयोजकांनी स्वतःच ठरवलं, कारण तिथे सरकारी पैसा नाही आणि जोखीम सगळी त्यांच्या अंगावर. एवढा नायक, एवढी गर्दी, आणि तरीही. प्रश्न ४ मधलं गणित सहजासहजी कुणालाच सुटत नाही.

आपल्याकडे कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि २०११ ला ग्रेटर नोएडात १७ वा आला. १७ व्या क्रमांकासाठी स्टँड उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खाली, शर्यती जिंकून फॉर्म्युला ईपर्यंत गेला. बंगळूरच्या कुश मैनीने २०२५ मध्ये मोनॅकोला फॉर्म्युला टूची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, जिंकली. या मुलांची नावं किती मराठी घरांत माहीत आहेत? ती परदेशात धावतात, आपल्या गावाजवळ कधीच धावत नाहीत. नायक जवळून दिसला पाहिजे, तरच त्याच्यामागे गाव उभं राहतं.

९. महाराष्ट्रात हा खेळ कुठे कुठे आहे?

वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी.

पुणे हे दुचाकीचं शहर आहे, आकुर्डी-चाकणमध्ये त्या बनतातही. इथे डर्ट रेसची जुनी आवड आहे. २८ जानेवारी २०२४ ला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी बालेवाडीत झाली. क्रीडासंकुलात मातीचे डोंगर रचले होते. ४५० सीसीची बाईक उडी घेते तेव्हा आवाज एकदम पातळ होतो, चाकाला जमीन नसते ना, आणि माती लागली की परत भरून येतो. माझ्या पुढच्या रांगेत एक सात-आठ वर्षांचा मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसला होता. दर उडीला तो वडिलांच्या डोक्यावरचे केस मूठ आवळून धरायचा. वडिलांच्या अंगावर कंपनीचा गणवेश होता, बहुधा पहिली पाळी संपवून थेट आलेले. असे प्रेक्षक कुठल्याही जाहिरातीत दिसत नाहीत, पण खेळ तेच तगवतात. लीगच्या दुसऱ्या हंगामाची सुरुवातही २०२५ मध्ये पुण्यातूनच झाली.

नाशिकला रॅलीची परंपरा आहे, ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ तिथेच व्हायची. कोल्हापुरात मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी, कृष्णराज महाडिक ही कोल्हापूरची मुलं मोठ्या स्पर्धांमध्ये उतरली, महाडिक तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. एका शहरातून इतकी नावं निघाली ती जवळ ट्रॅक होता म्हणून. शिवाय इंजिनिअरिंग कॉलेजांत मुलं स्वतः गाड्या बनवून ‘बाहा’ आणि ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांना नेतात. मोठ्या शर्यतीचं तिकीट आधी घेणारी आणि मार्शल म्हणून नाव देणारी हीच मुलं.

१०. बैलगाडा शर्यतीला एवढी गर्दी होते, मग गाड्यांच्या शर्यतीला का नाही?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण उत्तर यातच आहे.

खेड, आंबेगाव, जुन्नर भागातला घाट कधी पाहिलाय? एकेक गाडा सुटतो, पुढे घोडी, आणि घड्याळात सेकंद मोजले जातात. ज्याची बारी कमी सेकंदात ती वर. नीट बघा, ही रॅलीचीच पद्धत आहे. काठावर बसलेल्या आजोबांना कुठला बैल कुणाच्या दावणीचा आणि गेल्या यात्रेला त्याने किती सेकंद घेतले, हे तोंडपाठ असतं. रॅलीच्या चाहत्याला याहून वेगळं काय लागतं? विदर्भात शंकरपटाचं हेच वेड आहे. २०१४ च्या बंदीनंतर कित्येक वर्षं घाट बंद होते. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. घाट उघडले त्या दिवशी गर्दी परत आली, जाहिरात करावी लागली नाही.

का आली? तारीख ठरलेली. यात्रा कधी हे पंचांगात असतं, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं त्या दिवसासाठी गावी येतात. धावणारा बैल शेजारच्या गावातला, मालक ओळखीचा. आणि बघायला खर्च नाही, खालच्या गल्लीत भजी, वर घाट.

मोटर रेसिंगमध्ये यातलं काय आहे? तारीख दर वर्षी बदलते, कधी १५ दिवस आधी कळते. रायडर कुठला, कुणाचा, माहीत नाही. आवड माणसांत आहेच, सवय लावायची राहून गेली. एखाद्या तालुक्यात दर वर्षी त्याच आठवड्यात, त्याच माळावर, पाच वर्षं नेमाने डर्ट रेस झाली तर सहाव्या वर्षी लोक विचारायला लागतील, ‘यंदा कधी हाय?’ मला या खेळासाठी एवढंच हवं आहे.

११. कोइमतूरसारख्या शहराला हे कसं जमलं?

तिथे सुरुवात वर्कशॉपमधून झाली. कापडगिरण्या, पंप आणि ओतकामाचं गाव, घरोघरी लेथ मशीन. एस. करिवर्धन या अवलियाने तिथे स्वतः रेसिंगच्या गाड्या बनवल्या. मारुतीचं इंजिन बसवलेल्या त्याच्या फॉर्म्युला गाड्यांवर १९८० च्या दशकाच्या शेवटापासून एक अख्खी पिढी शिकली. तो १९९५ मध्ये विमान अपघातात गेला, पुढे झालेल्या ट्रॅकला त्याचं नाव दिलं, करी मोटर स्पीडवे. फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेल्या नारायण कार्तिकेयनचे वडील जी. आर. कार्तिकेयन यांनी साउथ इंडिया रॅली ७ वेळा जिंकली होती. चेन्नईत १९५३ पासून मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब आहे, त्याने श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाईला १९९० मध्ये स्वतःचा ट्रॅक उभा केला, आणि तो आजही चालतो. सरकारं आली-गेली, कंपन्या आल्या-गेल्या, क्लब राहिला.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ कोल्हापूर आहे. उद्यमनगर आहे, शिरोलीची ओतशाळा आहे, आणि शर्यतीचं वेड तर सांगायलाच नको. क्लबचं बळ तेवढं हवं.

१२. दादा, आमच्या गावाबाहेर मोठं माळरान आहे. तिथे डर्ट रेस भरवायची तर काय लागेल?

आधी परवानगी, मग बॅनर. बऱ्याच मंडळांचं उलटं होतं. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय वाहनांची शर्यत लावणं आणि तिच्यात भाग घेणं, दोन्ही गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. माळ खासगी असला तरी शेकडो लोक येणार म्हटल्यावर पोलीस आणि महसूल खात्याकडे जावंच लागतं.

देशातल्या मोटर खेळांची मान्यताप्राप्त संघटना म्हणजे एफएमएससीआय. मान्यताप्राप्त स्पर्धेला तिची परवानगी आणि प्रत्येक स्पर्धकाकडे तिचा परवाना लागतो. सुरुवातीला हे किचकट वाटेल, पण त्यामुळे विमा, तांत्रिक तपासणी आणि प्रशिक्षित पदाधिकारी हे सगळं रुळावर येतं.

जागेवर रुग्णवाहिका आणि डॉक्टर हवेतच. रुग्णवाहिका एखाद्या जखमीला घेऊन गेली की दुसरी येईपर्यंत शर्यत थांबवायची, मग पाहुणे कितीही मोठे असोत. पाणी मारायला टँकर हवा, नाहीतर तिसऱ्या लॅपनंतर धुळीत काही दिसत नाही. आणि प्रेक्षकांची सोय! एका स्पर्धेला मी घरच्यांना घेऊन गेलो होतो. गाडी २ किलोमीटरवर लावायला लावली, आत प्यायला पाणी नाही, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. माझी बायको त्यानंतर आजतागायत आलेली नाही. असे किती चाहते आपण एकाच दिवसात कायमचे घालवत असू, या विचाराने मला अजून त्रास होतो.

१३. लोक अगदी कडेला येऊन उभे राहतात. अपघात झाला तर?

नव्या भागातला खरा धोका हाच, आणि यावर तडजोड नको. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय रॅली चालू असताना मोटरसायकलवरचं एक कुटुंब स्पर्धेच्या रस्त्यावर आलं आणि तिघांचा जीव गेला.

जिथे लोकांनी हा खेळ कधी पाहिलेला नसतो तिथे गाडी किती वेगाने येते याचा अंदाज कुणालाच नसतो. आवाज ऐकू येईस्तोवर गाडी समोर असते. एका रॅलीत माझ्या वळणावर चार पोरं बाहेरच्या अंगाला दगडावर बसली होती. वळणाच्या बाहेरच गाडी फेकली जाते, तिथे कधीच बसायचं नाही. मी ‘उठा’ म्हणून सांगितलं, ती हसली. मग त्यांना घेऊन आदल्या फेरीत जिथे टायर घसरले होते तिथे गेलो आणि मातीतले चर दाखवले. ते त्यांच्या दगडापासून हातभर अंतरावरून गेले होते. पुढची सगळी फेरी ती पोरं वरच्या बांधावर बसून बाकीच्यांना हाकलत होती. शर्यतीच्या आठवडाभर आधी गावच्या शाळेत जाऊन हे समजावलं तर निम्मं काम होतं.

१४. दुचाकी की चारचाकी? नव्या भागासाठी काय बरं?

दुचाकी. २०२३–२४ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ८० लाख दुचाकी विकल्या गेल्या. बघणाऱ्याला ती कशी वाकवायची, ब्रेक कुठे दाबायचा हे स्वतःच्या अनुभवाने कळतं. मलेशियात हेच दिसलं: सेपांगची फॉर्म्युला वन १९९९ पासून चालून २०१७ ला बंद झाली, तिकिटं खपेनात आणि खर्च वाढत गेला. मोटोजीपी त्याच ट्रॅकवर आजही भरते. अपवाद कोल्हापूरचा, तिथे कार्टिंगचा पाया आधीच आहे (प्रश्न ९ आणि ११ बघा).

१५. घरबसल्या मोबाईलवर शर्यत बघणारे लाखो आहेत. ते आधार नाहीत का?

मोठ्या शर्यतीला प्रायोजक मिळवून द्यायला ते नक्की उपयोगी. पण शहाद्याच्या किंवा कराडच्या डर्ट रेसला त्यांचा उपयोग ते घराबाहेर पडले तरच. रात्री जागून मोनॅको बघणाऱ्या किती जणांना आपल्या जिल्ह्यात पुढच्या महिन्यात काय आहे हे माहीत असतं? ती माहिती मराठीत, वेळेवर पोचवणं हे आयोजकांचं काम आहे आणि ते होत नाही.

१६. काका, मी विद्यार्थी आहे, तिकिटाला पैसे नाहीत. मी काय करू?

मार्शल हो. क्लब प्रशिक्षण देतात: झेंड्यांचे अर्थ, आग कशी विझवायची, पडलेल्या रायडरजवळ कुठल्या बाजूने जायचं आणि त्याला कधी हलवायचं नाही. नवीन भागात शर्यत आणायची तर सगळ्यात आधी तुटवडा मार्शलचाच पडतो. परगावाहून आणलेल्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च लहान स्पर्धेला झेपत नाही. तुझ्या तालुक्यात २० शिकलेले मार्शल तयार असतील तर आयोजकाला तिथे यायला एक कारण मिळेल.

पहिल्यांदा येशील तेव्हा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाल. नायलॉन किंवा पॉलिस्टर नको, आगीजवळ ते कातडीला चिकटतं. बूट घोट्यापर्यंतचे, टोपी, कानात घालायला बोळे, २ लिटर पाणी, आणि डबा घरून आण. सकाळी साडेसहाला हजेरी असते.